वळणाआधी काय घडतं? मोटारसायकल शर्यतींचे चित्रपट आणि माहितीपट

पावसाळ्यातल्या रविवारी उजाडता उजाडता पनवेलकडून येणारा जुना मुंबई-पुणे रस्ता दुचाक्यांनी भरून जातो. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला परवानगी नाही. त्यामुळे मुंबई-ठाण्याहून लोणावळ्याला निघालेल्या मोटारसायकली चौक, खालापूर, खोपोली करत येतात. काही चौकातूनच कर्जतकडे वळतात, बाकीच्या खोपोली मागे टाकून बोरघाटाला लागतात. बहुतेकांना हवा असतो धबधबा, धुकं आणि वाफाळता चहा. पण प्रत्येक झुंडीत दोन-चार पोरं अशी असतात की, घाट दिसला की त्यांना शर्यतच दिसते. हेल्मेटवर कॅमेरा, गुडघ्याला पॅड, आणि प्रत्येक वळणावर बाईक आणखी थोडी झोपवण्याची ईर्ष्या.

या पोरांना शर्यतीपासून तोडण्यात अर्थ नाही. ती ओढ खरी आहे, आणि देखणीही आहे. त्यांना खरी शर्यत दाखवावी, हे जास्त शहाणपणाचं. जगात मोटारसायकल शर्यतींवर काही फार चांगले चित्रपट आणि माहितीपट झाले आहेत. ते नीट पाहिले की एक गोष्ट हळूहळू लक्षात येते: शर्यतीचा निकाल वळणात दिसतो, पण तो लागतो वळणाच्या आधी. ब्रेक कुठे दाबला, नजर कुठे होती, आदल्या रात्री इंजिन कोणी उघडलं होतं आणि त्या वळणापलीकडे उभं कोण आहे, यावर तो ठरतो. जो चित्रपट हे ‘आधीचं’ दाखवतो तो टिकतो. नुसता वेग दाखवणारा दोन वर्षांत शिळा होतो.

आधी वळणाचा हिशेब समजून घ्यायला हवा, कारण त्याशिवाय पडद्यावरचं अर्धं कौशल्य डोळ्यांना दिसतच नाही. दुचाकी वळते तेव्हा तिला आतल्या बाजूला झुकावं लागतं. किती झुकायचं हे वेग आणि वळणाची त्रिज्या या दोनच गोष्टी ठरवतात. गाडीच्या वजनाचा त्यात संबंध नाही. घाटातलं एखादं आवळ वळण 20 मीटर त्रिज्येचं धरलं, तर ताशी 50 किलोमीटरला बाईक 45 अंशांत झुकते. त्या क्षणी टायरवर आडवा ताण येतो तो गाडी आणि स्वार यांच्या एकूण वजनाइतका. कोरडं, स्वच्छ डांबर आणि चांगला टायर असेल तर तो कसाबसा पेलवतो. पावसात पकड निम्म्यावर आली, तर त्याच वळणाची मर्यादा ताशी 36 किलोमीटरवर उतरते. म्हणजे फरक फक्त 14 किलोमीटरचा. त्यात पुढच्या ट्रकचं सांडलेलं डिझेल नाही, कडेला आलेली खडी नाही, समोरून लाईन सोडून येणारी बस नाही. मोटोजीपी शर्यतींचे स्वार 60 अंशांपेक्षा जास्त झुकतात ते खास रबराच्या, आधीपासून तापवून ठेवलेल्या टायरवर, आणि समोरून कधीच कोणी येणार नाही अशा रस्त्यावर.

कर्जत तालुक्याकडे पाहिलं तर एक छान योगायोग सापडतो. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी रेल्वे सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधली आणि ती 1907 च्या मार्चमध्ये सुरू झाली. आजही माथेरानच्या डोंगरावर खासगी मोटारसायकल नेता येत नाही. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची आणि पुढे चालायला लागायचं. त्याच वर्षी, म्हणजे 28 मे 1907 रोजी, ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या मधल्या आइल ऑफ मॅन या बेटावर पहिली टुरिस्ट ट्रॉफी (टीटी) शर्यत झाली. ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यांवर शर्यतीला मनाई होती, पण या बेटाची स्वतःची संसद आहे आणि तिने रस्ते बंद करून शर्यत घ्यायला कायद्याने मुभा दिली होती. एका सिलिंडरच्या गटात मॅचलेस गाडीवर चार्ली कॉलियर जिंकला. त्याची सरासरी होती ताशी 38.21 मैल, म्हणजे साधारण 61 किलोमीटर. आज खोपोलीच्या रस्त्यावरची कोणतीही 100 सीसीची गाडी तेवढं सहज पळते.

बेटावरची ती शर्यत अजून चालू आहे आणि तिच्यावरच मोटारसायकल शर्यतीचा बहुधा सर्वांत प्रामाणिक माहितीपट झाला आहे: ‘टीटी थ्रीडी: क्लोजर टू द एज’ (2011). दिग्दर्शक रिचर्ड डी अ‍ॅरॅग्वेस, निवेदन अभिनेता जेरेड लेटो याचं. विषय आहे 2010 सालची टीटी. सुमारे 60 किलोमीटरची एक फेरी, दोनशेहून जास्त वळणं, गावांमधून, घरांच्या कुंपणांना, दगडी भिंतींना आणि दिव्याच्या खांबांना अगदी खेटून जाणारा रस्ता. स्वार एकदम सुटत नाहीत. दहा दहा सेकंदांच्या अंतराने एकेक जण निघतो. त्यामुळे प्रतिस्पर्धी बहुतेक वेळ नजरेसमोर नसतो, असतं ते घड्याळ आणि डोक्यात पाठ केलेला रस्ता. कोणत्या घरापाशी गियर पाडायचा, कोणत्या चढाआडून रस्ता डावीकडे जातो, हे वर्षानुवर्षं घोकलेलं असतं. पीटर हिकमनने 2023 मध्ये या वाटेवर ताशी 136.358 मैलांची, म्हणजे 219 किलोमीटरहून अधिक सरासरी काढली.

या चित्रपटाचा नायक गाय मार्टिन. कल्ले राखलेला, घडाघडा बोलणारा, पोटापाण्यासाठी ट्रक दुरुस्त करणारा इंग्रज मेकॅनिक. त्याला टीटी एकदा तरी जिंकायची आहे. चित्रपट त्याला पूजनीय करत नाही. पिट लेनमधली, म्हणजे इंधन भरायला थांबतात त्या पट्ट्यातली, वेगमर्यादा किंचित ओलांडली म्हणून त्याला वेळेचा दंड होतो, आणि त्याचा संताप आपल्याला सविस्तर दिसतो. हा प्रसंग घाटात शर्यत लावणाऱ्या प्रत्येकाने पाहावा. जगातल्या सगळ्यांत धोकादायक शर्यतीतही एक जागा अशी आहे जिथे हळूच चालवावं लागतं, आणि तिथे थोडीही सूट नाही, कारण तिथे माणसं पायी फिरत असतात.

पुढे त्याच आठवड्यात बॅलागॅरी नावाच्या अतिवेगवान वळणावर मार्टिनची गाडी निसटते. भिंत, पेटलेली गाडी, ज्वाळा. तो वाचतो; पाठीच्या मणक्यांना आणि फुफ्फुसांना दुखापत होते. त्या वर्षी एकेरी दुचाकींच्या पाचही शर्यती इयन हचिन्सनने जिंकल्या, असा विक्रम त्याआधी कोणी केला नव्हता. एखाद्या सामान्य दिग्दर्शकाने विजेत्यालाच नायक केलं असतं. डी अ‍ॅरॅग्वेस मात्र हरलेल्या माणसाजवळ थांबला आणि त्याहून पुढे जाऊन एका विधवेजवळ थांबला. न्यूझीलंडचा पॉल डॉब्स त्या वर्षी शर्यतीत गेला. त्याची बायको ब्रिजेट कॅमेऱ्यासमोर बसून नवऱ्याबद्दल, मुलींबद्दल आणि या खेळाबद्दल बोलते. ती खेळाला शिव्याशाप देत नाही, त्याचं गुणगानही करत नाही. ते ऐकताना प्रेक्षकाला आपली मतं पुन्हा तपासावी लागतात. या वाटेवर आजवर अडीचशेहून अधिक स्वार मृत्युमुखी पडले आहेत. चित्रपट हे झाकत नाही, आणि त्याच्या जोरावर रडवतही नाही.

टीटीच्या वाटेवर जागोजागी प्रशिक्षित मार्शल झेंडे घेऊन उभे असतात, जखमीला उचलायला हेलिकॉप्टर तयार असतं, रस्ता कायद्याने बंद केलेला असतो, आणि तरीही माणसं मरतात. बोरघाटात यातलं काहीच नाही. हा घाटरस्ता 1830 मध्ये वाहतुकीला खुला झाला. घाटाची वाट ज्याने दाखवली असं सांगतात, त्या शिंग्रोबा धनगराचं देऊळ आजही चढावर आहे आणि जाणारे-येणारे ड्रायव्हर तिथे हात जोडतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत याच चढावर पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो, तोही बंदोबस्त लावून घेतलेल्या शर्यतीत. म्हणजे घाटाला शर्यतीचं वावडं नाही. वावडं आहे ते बंदोबस्ताशिवायच्या शर्यतीचं.

टीटीच्याच परंपरेतला दुसरा माहितीपट ‘रोड’ (2014). लियाम नीसनच्या खर्जातल्या आवाजात उत्तर आयर्लंडच्या डनलॉप कुटुंबाची गोष्ट. जोई डनलॉपने टीटी 26 वेळा जिंकली. शर्यती नसत तेव्हा तो स्वतःची व्हॅन अन्नधान्य आणि कपड्यांनी भरून रुमानिया, बॉस्नियातल्या अनाथाश्रमांपर्यंत एकटा चालवत न्यायचा. त्या कामासाठी त्याला ब्रिटिश सन्मानही मिळाला. 2 जुलै 2000 रोजी एस्टोनियातल्या एका शर्यतीत तो गेला. त्याचा भाऊ रॉबर्ट 2008 च्या मे महिन्यात नॉर्थ वेस्ट 200 शर्यतीच्या सरावात गेला, आणि दोन दिवसांनी रॉबर्टचा मुलगा मायकेल त्याच शर्यतीत उतरला. आयोजकांना त्याने उतरू नये असं वाटत होतं. तो उतरला आणि जिंकला. हा प्रसंग पाहताना काय वाटावं हे कोणी कोणाला सांगू शकत नाही. त्या घरातला विल्यम 2018 मध्ये शर्यतीच्या सरावातच गेला, आणि मायकेलने 2024 मध्ये काकाचा 26 विजयांचा विक्रम मागे टाकला. चित्रपट संपल्यावरही ही गोष्ट पुढे चालूच राहिली आहे.

दोन्ही माहितीपट लागोपाठ पाहू नयेत. मन जड होतं.

मन हलकं करायला सगळ्यांत चांगला चित्रपट म्हणजे ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ (2005). नावातला ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेतली इंडियन कंपनीची मोटारसायकल. बर्ट मन्रो हा न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाच्या इन्व्हरकार्गिल गावचा माणूस. त्याने 1920 साली इंडियन स्काउट ही गाडी नवी कोरी घेतली. तेव्हा ती ताशी 88 किलोमीटरच्या आसपास पळत असे. पुढची चार दशकं तो तिच्या मागे लागला. पैसे नव्हते, म्हणून सुटे भाग घरीच केले. जुन्या डब्यांमध्ये धातू ओतून पिस्टन केले, ट्रॅक्टरच्या आसाचं पोलाद कापून कनेक्टिंग रॉड हाताने घडवले, मायक्रोमीटर नव्हता तर चाकाच्या जुन्या आऱ्यावर भागवलं. फुटलेले, जळलेले भाग त्याने टाकून दिले नाहीत. शेडमधल्या फळीवर ते ओळीने मांडले आणि वर लिहिलं की, हा वेगाच्या देवाला दिलेला नैवेद्य.

अमेरिकेतल्या युटा राज्यात बॉनव्हिल हे मिठाचं अफाट सपाट मैदान आहे. तिथे मन्रो गेला, आणि 1967 मध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी, 47 वर्षं जुन्या गाडीवर त्याने आपल्या गटातला जागतिक विक्रम केला. नोंद झाली ताशी 183.586 मैलांची. पुढे त्याच्या मुलाला त्या सरासरीच्या आकडेमोडीत चूक सापडली, आणि 2014 मध्ये ती दुरुस्त होऊन 184.087 मैल झाली, म्हणजे ताशी 296 किलोमीटरहून थोडं जास्त. मन्रो 1978 मध्येच गेला होता. मेल्यावर 36 वर्षांनी त्याचा वेग वाढला!

दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसनने 1971 मध्येच मन्रोवर एक छोटा माहितीपट केला होता. म्हणजे खऱ्या माणसासोबत तो वावरला होता, आणि तीस-पस्तीस वर्षांनी अँथनी हॉपकिन्सला घेऊन त्याने तीच गोष्ट कथापटात सांगितली. मन्रोच्या अनेक अमेरिकावाऱ्या एका प्रवासात गुंफल्या आहेत, एवढी सूट चित्रपट घेतो. पण शेड त्याने खरी ठेवली आहे. कर्जत-खोपोलीतल्या कोणत्याही गॅरेजमध्ये हा चित्रपट लावून पाहावा. लेथवर काम करणारा, प्लगचा रंग बघून इंजिनाचं दुखणं ओळखणारा, ‘कंपनीचा पार्ट येईपर्यंत हा चालवा’ म्हणत जुगाड करून देणारा मिस्त्री आपल्याकडे प्रत्येक नाक्यावर आहे. त्याला पडद्यावर इतक्या आदराने मांडणारे चित्रपट फार थोडे.

शर्यतीची आवड ही काही रायगड जिल्ह्याला बाहेरून आणून द्यावी लागत नाही. बैलगाडा शर्यतींवर 2014 मध्ये बंदी आली तेव्हा जिल्ह्यातली किती गावं हिरमुसली, आणि 2021 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर मैदानं कशी पुन्हा भरली, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. मातीत उडणारा धुरळा, कडेला उभं राहून आरडाओरडा करणारी माणसं, हरल्यावर बैलाच्या पाठीवर थाप मारून त्याला परत नेणारा मालक. हे ज्याने पाहिलं आहे, त्याला ब्रूस ब्राउनचा ‘ऑन एनी संडे’ (1971) पहिल्या पाच मिनिटांत आपलासा वाटेल.

ब्राउनने आधी ‘द एंडलेस समर’ हा समुद्रलाटांवर स्वार होणाऱ्यांचा गाजलेला माहितीपट केला होता. मोटारसायकलवरच्या या चित्रपटासाठी पैसे उभे केले ते अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनच्या कंपनीने. मॅक्वीन स्वतः शर्यतीचा वेडा. आपल्या नावाचा गवगवा होऊ नये म्हणून हार्वी मशमन या खोट्या नावानेही तो शर्यतीत उतरायचा. पण चित्रपट एकट्या त्याच्यावर नाही. तो त्याच्यासकट तीन माणसांवर आहे, आणि त्यातलं खरं काळीज आहे मर्ट लॉविल. अमेरिकेत मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर होणाऱ्या शर्यतींचा तो 1969 चा विजेता. विजेत्याला पुढच्या हंगामात गाडीवर 1 हा आकडा लावायला मिळतो. ब्राउनचा कॅमेरा 1970 चा अख्खा हंगाम लॉविलच्या मागे फिरतो: रात्री स्वतःच्या गॅरेजमध्ये इंजिन जोडणारा, दिवसभर व्हॅन चालवणारा, शनिवारी शर्यत लावणारा, आणि पुन्हा पुन्हा यंत्र बिघडल्यामुळे मागे पडणारा. शेवटी तो 1 आकडा जीन रोमेरोकडे जातो. यात खलनायक कोणी नाही. एखादा नट-बोल्ट, एखादा भाग, एखादी साखळी तुटते, एवढंच.

दुसरा माणूस माल्कम स्मिथ, स्पेनच्या डोंगरात सहा दिवस चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत हसत हसत सुवर्णपदक मिळवणारा. त्याचं दगडधोंड्यांतून जाणं पाहावं: अंग सैल, कोपरं बाहेर, नजर चाकापासून बरीच पुढे. खडबडीत रस्त्यावर गाडी कशी चालवावी याचा इतका सुंदर पाठ दुसरीकडे नाही, आणि कर्जतपासून आडवाटांच्या पाड्यांपर्यंत रोज दुचाकी नेणाऱ्या माणसाला तो लगेच उमगेल.

या चित्रपटातलं संथगती चित्रण आजही थक्क करतं, आणि त्यामागची युक्ती मन्रोच्या शेडमध्ये शोभावी अशी आहे. संथगतीसाठी कॅमेऱ्याने सेकंदाला नेहमीपेक्षा जास्त चौकटी टिपायला हव्यात. तसे खास कॅमेरे महाग होते. ब्राउनने 12 व्होल्टवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांना 24 व्होल्टच्या बॅटऱ्या जोडल्या, मोटर जास्त जोरात फिरली आणि फिल्म भराभर सरकली. हेल्मेटवर कॅमेरा बसवून स्वाराच्या नजरेने दृश्यं टिपण्याचं कामही त्याने तेव्हाच केलं, तेही त्या काळच्या जडशीळ उपकरणांनी. या माहितीपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.

धुरळ्याच्या या शर्यती आता आपल्या दाराशी आल्या आहेत. 8 जुलै 1972 रोजी लॉस एंजेलिसच्या स्टेडियममध्ये माती ओतून पहिली मोठी मोटोक्रॉस शर्यत झाली आणि मार्टी ट्राइप्स नावाचा 16 वर्षांचा पोरगा ती जिंकला. त्यातूनच सुपरक्रॉस हा प्रकार रुजला: डोंगरातला ट्रॅक उचलून मैदानात आणायचा, म्हणजे लोकांना एका जागी बसून सगळं दिसतं. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची सलामीची फेरी 28 जानेवारी 2024 रोजी पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाली. खोपोलीकराला हे घाट चढून गाठता येण्याजोगं अंतर आहे. ‘ऑन एनी संडे’ पाहून एकदा तिथल्या गॅलरीत बसावं. उडी मारणाऱ्या गाडीचं पुढचं चाक स्वार हवेत कसं वर-खाली करतो, हे मग आपोआप दिसू लागतं. हवेत मागचा ब्रेक दाबला की नाक खाली येतं, थ्रॉटल पिळला की वर जातं.

पुण्याचं नातं एवढ्यावर थांबत नाही. ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत बजाज ऑटोने 2007 पासून भांडवल घातलं, आणि 2012 च्या जानेवारीत चाकणच्या कारखान्यात तयार झालेली ड्यूक 200 भारतात विक्रीला आली. रविवारी घाटात दिसणाऱ्या नारिंगी गाड्या तिथल्याच. याच केटीएमच्या शर्यतीच्या गाडीवर ब्रॅड बाइंडरने 2023 मध्ये इटलीच्या मुजेल्लो ट्रॅकवर ताशी 366.1 किलोमीटर वेग गाठला. त्या आणि चाकणच्या गाडीत रंगाखेरीज फारसं साम्य नाही, हेही सांगायला हवं. रंग पाहून वेगाचा अंदाज बांधणं महागात पडतं.

मोटोजीपीचं ते जग समजून घ्यायला मार्क नील या दिग्दर्शकाचे माहितीपट पुरेसे आहेत. ‘फास्टर’ (2003) मध्ये निवेदन इवान मॅकग्रेगरचं आणि केंद्रस्थानी व्हॅलेंटिनो रॉसी आणि मॅक्स बियाजी यांचं वैर. पण त्यातला सगळ्यांत लक्षात राहणारा माणूस स्वार नाही. तो आहे डॉ. क्लॉडिओ कोस्टा, शर्यतीबरोबर फिरणाऱ्या दवाखान्याचा संस्थापक. मोडलेली हाडं घेऊन पुन्हा गाडीवर बसू पाहणारे स्वार आणि त्यांना बसू देणारा डॉक्टर, हा संबंध नीलने धीटपणे दाखवला आहे. ‘हिटिंग द एपेक्स’ (2015) ब्रॅड पिटच्या आवाजात रॉसी, स्टोनर, लोरेन्झो, पेद्रोसा, मार्केझ आणि सिमोन्चेल्ली या सहा जणांची गोष्ट सांगतो. 23 ऑक्टोबर 2011 रोजी मलेशियातल्या सेपांग ट्रॅकवर मार्को सिमोन्चेल्ली गेला. त्याच्या वडिलांना आणि मित्रांना चित्रपट पुरेसा वेळ देतो, म्हणून तो केवळ संकलन वाटत नाही. हे दोन्ही पाहिलेल्या माणसाला सप्टेंबर 2023 मध्ये ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किटवर झालेली भारतातली पहिली मोटोजीपी, आणि तिथला मार्को बेझेक्कीचा विजय, जास्त समजून घेता येतो. बेझेक्की रॉसीच्याच अकादमीत आणि त्याच्याच संघात तयार झाला.

आता कथापटांकडे. कर्जतची ओळख सिनेमावाल्यांना वेगळी सांगायला नको. चौक-कर्जत रस्त्यावर, खालापूर तालुक्याच्या हद्दीत, कला-दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2005 मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’मधला मोगल दरबार इथल्या प्लायवूडमधून आणि प्लास्टरमधून उभा राहिला. चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या या माणसाने दाखवून दिलं की, पडद्यावर राजवाडा खरा वाटायला दगड लागत नाही; लागते नजर आणि कारागिरी. वेगाचंही तसंच बांधकाम करता येतं. सेकंदाला कमी चौकटी टिपायच्या आणि नेहमीच्या गतीने दाखवायच्या, की 40 ची गाडी 80 ची दिसते. कॅमेरा जमिनीलगत ठेवला की रस्ता धावत अंगावर येतो. लांब पल्ल्याची लेन्स लावली की मागची गाडी पुढच्या गाडीला चिकटल्यासारखी दिसते. नट बसलेली मोटारसायकल अनेकदा ट्रेलरवर पक्की बांधलेली असते, आणि बाकीचं काम आवाज करतो.

‘धूम’ (2004) याच कारागिरीचा चित्रपट. तो शर्यतीचा नाही, मोटारसायकलवरून पळणाऱ्या चोरांचा आहे. पण हायाबुसा या मोटारसायकलचं नाव गावोगाव पोचवलं ते त्याने. त्याची गाणी आणि गाड्या लोकांना भावल्या यात वावगं काही नाही. त्यात ‘आधीचं’ मात्र काहीच नाही: ना टायर, ना ब्रेक, ना पडल्यावरचा दवाखाना. घाटात नागमोडी कट मारणाऱ्या पोरांच्या मनातली शर्यत बहुधा या जातीच्या चित्रपटांतून आली आहे, आणि म्हणूनच बर्ट मन्रो त्यांच्यापर्यंत पोचायला हवा.

वाळवंटातल्या डाकार रॅलीचं चित्रण पाहायचं असेल तर चार्ली बूरमनची ‘रेस टू डाकार’ (2006) ही मालिका चांगली. बूरमन अभिनेता, सराईत शर्यतपटू नव्हे. त्यामुळे तयारीचे महिने, वाळूत पडणं, गाडी उचलताना संपणारी ताकद हे सगळं सामान्य माणसाच्या अंगाने दिसतं. तो स्वतः हाताच्या दुखापतीमुळे लवकर बाहेर पडतो आणि मालिका त्याच्या साथीदारांबरोबर पुढे जाते. भारताचा सी. एस. संतोष 2015 मध्ये डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. 2021 च्या डाकारमध्ये मोटारसायकलवर तिघे भारतीय होते: संतोष, केरळचा हरिथ नोआ आणि आशिष रावराणे. संतोषला त्या वर्षी गंभीर अपघात झाला. नोआ विसावा आला आणि 2024 मध्ये रॅली 2 गटात पहिला. डाकारसारख्या शर्यतीत एखादा मराठी आडनावाचा स्वार वाळूच्या टेकड्यांमध्ये रोडबुक वाचत दिशा शोधतो, हा एका उत्तम माहितीपटाचा विषय आहे. पुण्या-नाशकाच्या आणि कोल्हापूरच्या मातीत सुपरक्रॉस खेळणाऱ्या मुलांवरही कोणी कॅमेरा लावून एक हंगाम काढायला हवा. ब्राउनने केलं ते दोन बॅटऱ्या आणि भरपूर चिकाटी यांवर.

कर्जत-खालापुरातल्या एखाद्या रायडिंग ग्रुपने, कॉलेजने किंवा गणेश मंडळाने पावसाळ्यात हे चित्रपट एकत्र पाहायचे ठरवले, तर सुरुवात ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ने करावी, तो घरातल्या सगळ्यांबरोबर बसून पाहण्याजोगा आहे. मग ‘ऑन एनी संडे’. ‘क्लोजर टू द एज’ तिसरा, मोठ्या पडद्यावर आणि चांगल्या स्पीकरवर, आणि त्यानंतर बोलायला अर्धा तास राखून. दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलांना तो दाखवू नये. शक्य असेल तर त्या दिवशी घाटात अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्या एखाद्या पथकातला माणूसही बोलवावा. वळणापलीकडे काय असतं हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. गाय मार्टिनची बोली इंग्रजी सरावलेल्या कानांनाही चटकन कळत नाही, तेव्हा सबटायटल्स आधीच सुरू करून ठेवावीत.